सही नाकारणारे विद्यार्थी : द्रिओन बंधू आणि लायडनचे भूमिगत पत्र

राज्य परक्याच्या हाती गेले म्हणजे सैनिकाने काय करायचे हे बहुधा ठरलेले असते. तो लढतो, शरण जातो किंवा धारातीर्थी पडतो. शेतकऱ्याचेही ठरलेले असते. राज्य कोणाचेही आले तरी त्याला पेरणी चुकत नाही. खरा पेच पडतो तो लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आणि कायदा जाणणाऱ्या वर्गाला. न्यायाधीश, वकील, प्राध्यापक, कारकून यांच्या सहीशिक्क्यावाचून कोणाचेच राज्य चालत नाही, नव्या धन्याचेही नाही. म्हणून नवा धनी त्यांच्यापुढे तलवार ठेवण्याआधी कागद ठेवतो आणि सही मागतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांनी दरबारी दप्तरांत आणि कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालवली आहे. हा पेच त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधील कायद्याच्या क्षेत्रावर असा प्रसंग आला. तेथील वयोवृद्ध न्यायमूर्तींनी काय केले आणि विशीबाविशीतल्या विद्यार्थ्यांनी काय केले, यांतील तफावत मोठी उद्बोधक आहे. यान आणि हाउब द्रिओन हे दोघे भाऊ त्या काळी लायडन विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी होते. त्यांनी गुप्तपणे चालवलेल्या एका लहानशा पत्राची आणि त्या पत्राभोवतीच्या काळाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. बंदुका आणि बॉम्ब यांच्या कथांपुढे ती फिकी वाटण्याचा संभव आहे. परंतु सुशिक्षित समाजाने स्वतःला विचारावे असे काही प्रश्न तीत दडलेले आहेत.

जर्मन सैन्य १० मे १९४० रोजी हॉलंडमध्ये शिरले. राणी विल्हेल्मिना १३ मे रोजी इंग्लंडला निघून गेल्या; त्यांच्यामागोमाग मंत्रिमंडळही गेले. १४ मे रोजी रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बॉम्बवर्षावात बेचिराख झाला आणि दुसऱ्याच दिवशी शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या. पाच दिवसांत सारे आटोपले. महिनाअखेरीस, २९ मे रोजी, हेग येथील ऐतिहासिक सभागृहात नव्या राज्यप्रमुखाने सूत्रे हाती घेतली. त्याचे नाव आर्थर झाइस-इंक्वार्ट. हा गृहस्थ स्वतः व्हिएन्ना येथील वकील होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपण डच जनतेवर आपली विचारप्रणाली लादू इच्छीत नाही, प्रचलित डच कायदे शक्यतो तसेच चालू राहतील, असे त्याने त्या वेळी सांगितले. भाषा संयमाची होती आणि लोकांना तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. न्यायालये उघडी राहिली, कचेऱ्या चालू राहिल्या, विद्यापीठांत व्याख्याने होत राहिली. डच सरकारने १९३७ साली आपल्या नोकरवर्गासाठी काही गुप्त सूचना काढून ठेवल्या होत्या. शत्रूचा अंमल झाल्यास जनतेच्या हितासाठी जागेवर राहून काम करावे, मात्र शत्रूचाच अधिक लाभ होऊ लागला तर ते सोडावे, असा त्यांचा आशय होता. ती वेळ नेमकी केव्हा येते हे ज्याचे त्याने ठरवायचे होते आणि बहुतेकांनी ते पुढे ढकलले.

शिवाय कायद्याचा एक आधारही होता. युद्धकाळातील नियमांचा जो आंतरराष्ट्रीय करार १९०७ साली झाला, तो हेग शहरातच झाला होता. त्याच्या ४३व्या कलमानुसार, जिंकलेल्या प्रदेशात सुव्यवस्था राखणे हे जेत्याचे कर्तव्य आहे आणि अगदीच अशक्य नसेल तर तेथील प्रचलित कायद्यांचा त्याने मान राखला पाहिजे. म्हणजे जेत्याला काही अधिकार आहेत आणि त्या अधिकारांना मर्यादाही आहेत. लायडनच्या विद्यार्थ्यांना हे कलम पाठ्यक्रमात होते. आता ते त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

पहिला कागद ऑक्टोबर १९४० मध्ये आला. प्रत्येक सरकारी नोकराने आपण ज्यू वंशाचे आहोत की नाही हे लिहून द्यावे, अशी आज्ञा निघाली. नमुने दोन होते. ज्यू नसलेल्यांसाठी एक आणि ज्यूंसाठी दुसरा. नाव लिहायचे, खूण करायची, सही करायची. काही प्राध्यापकांनी निषेधाची पत्रे पाठवली, पण त्यांतल्या बहुतेकांनी नमुनाही भरून दिला. सबंध देशात तो भरण्यास नकार देणारे अगदी मोजके निघाले. देशाचे सर्वोच्च न्यायालय, ज्याला डच भाषेत 'होगे राड' म्हणतात, त्याच्या न्यायमूर्तींनीही बहुमताने नमुने भरण्याचे ठरवले. त्या न्यायालयाचे अध्यक्ष लोडेवेइक एर्न्स्ट व्हिसर हे स्वतः ज्यू होते. नोव्हेंबरमध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि पुढे मार्च १९४१ पासून बडतर्फ करण्यात आले. त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर निषेधाचा एक शब्दही काढला नाही. सही करताना ती क्षुल्लक वाटली होती. तिचा उपयोग कशासाठी होणार हे महिन्याभरात कळले. पुढे हॉलंडमधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक लोक मारले गेले. त्या भीषण शेवटाची सुरुवात अशा एका साध्या छापील कागदाने झाली होती.

लायडन विद्यापीठाची स्थापना १५७५ सालची. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करणाऱ्या या शहराला वेढा पडला होता. तो ३ ऑक्टोबर १५७४ रोजी उठला. पुढच्या फेब्रुवारीत विद्यापीठ सुरू झाले आणि 'स्वातंत्र्याचा बुरूज' हे त्याचे ब्रीद ठरले. त्या बंडखोरांना डच इतिहासात 'ख्यूझेन' म्हणतात. या नावाची कथा मजेची आहे. १५६६ साली सरदारांचे एक शिष्टमंडळ ब्रुसेल्सच्या दरबारात अर्ज घेऊन गेले असता, हे तर नुसते भिकारी आहेत, असे उद्गार दरबारातील एका मानकऱ्याने काढले. सरदारांनी तो शब्द उचलला आणि मानाचे बिरूद म्हणून मिरवला. शिवी अंगाला लागू न देता तिचीच पताका करण्याचा हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही.

जर्मन अंमल येताच ते जुने नाव पुन्हा जागे झाले. शरणागतीच्याच दिवशी, १५ मे १९४० रोजी, बर्नार्ड आयझरद्राट नावाच्या एका गृहस्थाने हाताने लिहिलेले पत्रक काढले आणि ख्यूझेनांचे नाव घेऊन लोकांना प्रतिकाराचे आवाहन केले. जुन्या भिंतपडद्यांची डागडुजी करणे हा त्याचा व्यवसाय. १३ मार्च १९४१ रोजी अठरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या; त्यांत आयझरद्राट आणि त्याच्या गटातील चौदा जण होते, उरलेले तिघे ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध झालेल्या फेब्रुवारी संपातले होते. लायडनच्या द्रिओन बंधूंनी आपल्या पत्राला हेच नाव दिले. 'द ख्यूस ओन्डर स्टुडेंटेन', म्हणजे विद्यार्थ्यांमधला ख्यूस. ऑक्टोबर १९४० मध्ये, म्हणजे पहिला कागद सहीसाठी फिरत होता त्याच महिन्यात, या पत्राचा पहिला अंक निघाला. हॉलंडमधील अगदी आरंभीच्या भूमिगत पत्रांत त्याची गणना होते. हाउब तेव्हा तेवीस वर्षांचे होते. यान त्यांच्याहून दोन वर्षांनी वडील.

नोव्हेंबरमध्ये ज्यू प्राध्यापकांना पदमुक्त केल्याची पत्रे निघाली. लायडनमध्ये ज्यांना असे पत्र आले, त्यांत एडवर्ड मौरिट्स मेयर्स हे होते. नागरी कायद्यावरील त्यांचा अधिकार सबंध युरोपात मानला जात होता आणि लायडनमधून बाहेर पडलेल्या वकील-न्यायाधीशांच्या कित्येक तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. मंगळवार, २६ नोव्हेंबर १९४० रोजी सकाळी मेयर्स यांच्या तासाला त्यांच्याऐवजी विधिशाखेचे प्रमुख रुडॉल्फ क्लेव्हेरिंगा हे व्यासपीठावर चढले. ते मेयर्स यांचेच शिष्य. सभागृह भरून गेले होते आणि बाहेरही विद्यार्थी उभे होते.

क्लेव्हेरिंगा यांनी प्रथम बडतर्फीचे पत्र जसेच्या तसे वाचून दाखवले. त्या पत्राविषयी आपण काही बोलणार नाही, असे त्यांनी सुचवले; त्याच्या पातळीवर उतरण्याची त्यांची इच्छा नव्हती. मग त्यांनी मेयर्स यांचे जीवनकार्य सांगितले. त्यांचे ग्रंथ, त्यांची विद्वत्ता, त्यांनी घडवलेले विद्यार्थी. एखाद्या गौरवसमारंभात बोलावे तसे ते शांतपणे बोलत गेले. हा माणूस एवढा मोठा, आणि त्याला काढणारी सत्ता ही अशी, एवढेच त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. ही कृती कायद्याच्या विरुद्ध आहे हेही त्यांनी सांगितले. मात्र विद्यार्थ्यांनी धोका ओढवून घ्यावा असे आवाहन केले नाही. भाषण संपल्यावर सभागृहात 'विल्हेल्मस' हे राष्ट्रगीत घुमले. दुसऱ्या दिवशी क्लेव्हेरिंगा यांना अटक झाली. ती होणार हे ते जाणून होते. पुढचे काही महिने, १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत, ते स्खेव्हेनिंगेनच्या तुरुंगात होते.

विद्यार्थ्यांनी भाषणाच्या प्रती टंकलिखित केल्या आणि त्या देशभर पाठवल्या. लायडनचे विद्यार्थी संपावर गेले आणि जर्मनांनी विद्यापीठ बंद केले. डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनीही त्याच सुमारास संप केला. यापूर्वी जे काम लेखी निषेधपत्रांनी साधले नव्हते, ते एका तासाच्या व्याख्यानाने साधले. सही करून मोकळे झालेल्या देशाला आपण कशावर सही केली हे त्या प्रतींनी सांगितले.

भूमिगत पत्र चालवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. आरंभीची बहुतेक पत्रे टंकयंत्रावर मेणकागद कापून, ज्याला आपल्याकडे सायक्लोस्टाइल म्हणत त्या पद्धतीने निघत. यंत्राचा आवाज शेजाऱ्यांच्या कानी जाणार नाही अशी खोली लागे. कागदाची टंचाई होती; तो थोडा थोडा करून जमवावा लागे. प्रती पाकिटांत घालून निरनिराळ्या गावांहून टपालात टाकाव्या लागत, किंवा सायकलच्या पिशवीतून, सामानाच्या पेटीतून हातोहात पोचवाव्या लागत. हे पोचवण्याचे काम पुष्कळदा तरुण मुली करीत, कारण त्यांच्यावर संशय कमी येई. लिहिणाऱ्याने छापणाऱ्याला ओळखायचे नाही, छापणाऱ्याने वाटणाऱ्याचे खरे नाव विचारायचे नाही, हा सर्वांचा नियम. पुढे पुढे काही पत्रे छोट्या छापखान्यांत रात्री खिळे जुळवून छापली जाऊ लागली. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनांनी रेडिओ जप्त करण्याचा हुकूम काढल्यावर बातमीची भूक वाढली आणि पत्रांची संख्याही. पाच वर्षांत लहानमोठी सुमारे १२०० भूमिगत पत्रे हॉलंडमध्ये निघाली, असे युद्धानंतर झालेल्या नोंदीवरून दिसते.

त्यांतील 'हेट पारोल', 'फ्राय नेडरलांड', 'ट्राउ' ही नावे पुढे मोठी झाली. त्यांची किंमतही मोठी होती. 'हेट पारोल'च्या खटल्यात शिक्षा झालेल्या तेरा जणांना फेब्रुवारी १९४३ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. 'ट्राउ'चे कार्यकर्ते पकडले गेले तेव्हा, पत्र बंद करा म्हणजे यांचे प्राण वाचतील, असा निरोप चालकांना देण्यात आला. चालकांनी तो मानला नाही आणि ऑगस्ट १९४४ मध्ये तेवीस जण मारले गेले. तो निर्णय घेणाऱ्यांनी उरलेले आयुष्य कसे काढले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. बडतर्फ झालेले सरन्यायाधीश व्हिसर हेही 'हेट पारोल'च्या कामात सामील झाले होते, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर निवाडे लिहिले, त्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर भूमिगत पत्राची वाट धरावी लागली. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी एकच महिना, १२ जानेवारी १९४२ रोजी, त्यांच्या जुन्या न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, जर्मन सत्तेच्या आज्ञा वैध आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार डच न्यायाधीशांना नाही. हेगच्या ४३व्या कलमाचे दार न्यायालयाने स्वतःच्या हाताने लावून घेतले.

'द ख्यूस' या मोठ्या पत्रांच्या पंक्तीत बसणारे नव्हते. त्याचा वाचक एकच, विद्यार्थी. आणि त्याचा विषयही बहुधा एकच, विद्यार्थ्याने या काळात कसे वागावे. हे प्रश्न वरवर पाहता लहान होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर निर्बंध आले. त्याच वर्षी पुढे, विद्यार्थी मंडळांनी ज्यू सभासदांना काढून टाकावे, अशी मागणी झाली. मंडळ टिकवायचे म्हणून चार सभासद गमवायचे, की चार सभासदांसाठी मंडळच विसर्जित करायचे? शतकभराची परंपरा असलेल्या कित्येक मंडळांनी दुसरा मार्ग पत्करला आणि आपले दरवाजे बंद केले. वर्गातली बाके रिकामी होत असता परीक्षा द्यावी की देऊ नये? पदवी पुढे ढकलली तर घरच्यांना काय सांगावे? वीस वर्षांच्या मुलाला हे प्रश्न लहान नसतात. ते एकट्याने सोडवताना तो डगमगतो. इतरही तेच सोडवीत आहेत हे त्याला कळले म्हणजे तो तग धरतो. ते कळवणे हेच अशा पत्राचे काम होते.

१९४२ च्या वसंतात लायडनच्या बहुसंख्य प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनेक नामवंतांना ओलीस म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत योहान हाउझिंगा हे थोर इतिहासकार होते. यांचे नाव आपल्या वाचकांना आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. इतिहासाकडे वळण्यापूर्वी ते संस्कृतचे अभ्यासक होते आणि १८९७ साली त्यांनी भारतीय नाटकातील विदूषक या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली होती. राजापुढे हसत हसत सत्य बोलणाऱ्या पात्राचा अभ्यास ज्याने तरुणपणी केला, त्याला म्हातारपणी नव्या राजाने सहन केले नाही. प्रकृतीमुळे त्यांना सोडण्यात आले, पण लायडनला परतू दिले नाही. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असता, १ फेब्रुवारी १९४५ रोजी, एका खेड्यात ते वारले. आंतरराष्ट्रीय कायद्याचे लायडनमधील तरुण प्राध्यापक बेन्नो टेल्डर्स यांना डिसेंबर १९४० मध्येच अटक झाली होती. एकामागून एक छावण्यांत फिरवले गेल्यावर एप्रिल १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सन येथे त्यांचा अंत झाला.

दुसरा मोठा कागद आला तो १९४३ मध्ये. फेब्रुवारीच्या आरंभी एका जर्मनधार्जिण्या डच सेनापतीवर गोळ्या झाडल्या गेल्या. संशय विद्यार्थ्यांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी अनेक विद्यापीठांत छापे पडून सुमारे ६०० विद्यार्थी छावणीत नेले गेले. त्यानंतर हुकूम निघाला की, प्रत्येक विद्यार्थ्याने एका निष्ठापत्रावर सही करावी. प्रचलित कायदे व आज्ञा आपण पाळू आणि जर्मन सत्तेविरुद्ध काही करणार नाही, असा त्याचा मजकूर. सही करील त्याला शिकता येईल. न करील त्याला विद्यापीठ बंद, आणि वर जर्मनीत मजुरीला जाण्याची पाळी. मुदत एप्रिलची होती.

युक्तिवाद दोन्ही बाजूंनी होते. जबरदस्तीने घेतलेल्या सहीला कायद्यात किंमत नाही, मग करून टाकावी, असे म्हणणारे होते. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद विशेष मोहात पाडणारा. त्याचे उत्तर १९४० च्या अनुभवात होते. त्या वेळीही सही केवळ एक उपचार म्हणून केली गेली होती. 'द ख्यूस' आणि विद्यार्थ्यांचे गुप्त मंडळ यांनी सही करू नये असा स्पष्ट पक्ष घेतला. परिणामी सुमारे ८५ टक्के विद्यार्थ्यांनी सही नाकारली.

हे श्रेय एका पत्राचे आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९४० आणि १९४३ यांच्या मध्ये पुष्कळ काही घडले होते. आगगाड्या भरभरून ज्यू पूर्वेकडे पाठवले जात होते, स्टालिनग्राड येथे जर्मनांचा पराभव झाला होता, फेब्रुवारीच्या छाप्यांनी राग धुमसत होता. तरीही आकडे बोलके आहेत. पहिल्या कागदावर जवळजवळ साऱ्या सुशिक्षित देशाने सही केली. दुसऱ्या कागदावर देशातल्या सर्वांत तरुण सुशिक्षितांनी केली नाही. मधल्या अडीच वर्षांत कोणीतरी त्यांना कागद नीट वाचायला शिकवले होते. क्लेव्हेरिंगा यांच्या भाषणाच्या प्रती आणि 'द ख्यूस'सारखी पत्रे यांचा त्या शिक्षणात निश्चित वाटा आहे.

किंमत येथेही द्यावी लागली. सही नाकारणाऱ्यांनी हजर व्हावे, न झाल्यास आईबापांना जबाबदार धरले जाईल, अशी धमकी मे महिन्यात निघाली. ३००० हून अधिक तरुण हजर झाले आणि जर्मनीत मजुरीला गेले. बाकीचे भूमिगत झाले. कोणी शेतावर, कोणी माळ्यावर, कोणी खोट्या नावाने. जे हजर झाले त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. वडिलांच्या अटकेची धमकी समोर असता घरातल्या मुलाने काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही पत्रात छापून येत नाही.

लायडनची ही हकीकत सांगताना एक नाव वगळले तर ती अपुरी राहील. इरावान सुयोनो हा इंडोनेशियन तरुण लायडनमध्ये शिकत होता. त्याचे वडील १९४२ मध्ये लंडनमधील डच मंत्रिमंडळात घेतले गेले होते. त्या मंत्रिमंडळात बसलेले ते पहिले इंडोनेशियन. इरावान इतर इंडोनेशियन विद्यार्थ्यांबरोबर भूमिगत पत्राचे काम करी. १३ जानेवारी १९४५ रोजी सायक्लोस्टाइलचे यंत्र घेऊन जात असता तो जर्मनांच्या तावडीत सापडला आणि पळताना गोळी लागून मेला. वय पंचविसाच्या आत. ज्या देशाने आपला देश ताब्यात ठेवला आहे, त्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी त्याने प्राण दिले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या हॉलंडने १९४७ व १९४८ साली तेथे सैन्य चालवले. 'फ्राय नेडरलांड'चे संपादक हेन्क व्हान रान्डवाइक यांनी जुलै १९४७ मध्ये त्याविरुद्ध खणखणीत लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या पत्राने अनेक वर्गणीदार गमावले. परक्या सत्तेचा जाच स्वतः भोगलेल्या समाजालाही दुसऱ्याचा तसाच जाच लगेच दिसत नाही. आपण ज्या इतिहासातून आलो आहोत, त्याच्या वाचकाला ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

मे १९४५ मध्ये हॉलंड मुक्त झाले. आधीच्या हिवाळ्यात उपासमारीने सुमारे २०,००० लोक दगावले होते. झाइस-इंक्वार्टवर न्यूरेम्बर्ग येथे खटला चालला आणि १६ ऑक्टोबर १९४६ रोजी तो फासावर गेला. मेयर्स मात्र जिवंत परतले. वेस्टरबोर्कच्या छावणीतून त्यांना कुटुंबासह टेरेझिनला नेण्यात आले होते. तेथून ते वाचून आले आणि पुन्हा लायडनच्या व्यासपीठावर उभे राहिले. १९४७ साली सरकारने त्यांच्यावर एक प्रचंड काम सोपवले : देशाची संपूर्ण नागरी संहिता नव्याने लिहिण्याचे. ज्याला कायद्याच्या कागदाने माणसांतून उठवले होते, त्याच्याच हाती देशाने कायद्याचा कोरा कागद दिला.

मेयर्स १९५४ मध्ये वारले तेव्हा काम अर्धवट होते. ते पुढे नेण्यासाठी तीन विधिज्ञ नेमले गेले. त्यांतले एक यान द्रिओन. भूमिगत पत्राचा संपादक आता आपल्या विद्यापीठातील त्या बडतर्फ आचार्याचे अपुरे हस्तलिखित पुरे करीत होता. यान यांनाही ते पुरे झालेले पाहणे लाभले नाही. १९६४ साली त्यांचे अकाली निधन झाले. संहितेचे पहिले पुस्तक १९७० मध्ये, दुसरे १९७६ मध्ये आणि मुख्य भाग १ जानेवारी १९९२ रोजी अमलात आला. बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे हे काम. पत्रक एका रात्रीत निघते. संहितेला दोन पिढ्या लागतात.

हाउब द्रिओन यांनी १९५४ मध्ये विमानवाहतुकीच्या कायद्यावर प्रबंध लिहिला, लायडनमध्ये नागरी कायद्याचे प्राध्यापक झाले आणि १९६९ ते १९८४ या काळात 'होगे राड'चे न्यायमूर्ती होते. ज्या न्यायालयाने १९४० मध्ये नमुने भरून दिले, ज्याने १९४२ मध्ये स्वतःचे हात बांधून घेतले, त्याच न्यायालयात ते पंधरा वर्षे बसले. संस्था चुकतात तेव्हा त्यांना सोडून देणे हा एक मार्ग असतो. त्यांच्यात शिरून त्या सावरणे हा दुसरा. दोघा भावांनी दुसरा पत्करला.

निवृत्तीनंतर हाउब यांचे नाव आणखी एका वादात गाजले. ऑक्टोबर १९९१ मध्ये एका दैनिकात त्यांनी लेख लिहिला. फार वृद्ध झालेल्या माणसाला, जगणे पुरे झाले असे वाटल्यास, आपल्या हाताने ते संपवण्याचे साधन डॉक्टरकडून मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. तशी गोळी कधी तयार झाली नाही, पण 'द्रिओनची गोळी' हा शब्दप्रयोग डच भाषेत रूढ झाला आणि तो वाद तेथे अजून मिटलेला नाही. आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची रीत निराळी आहे आणि त्यांच्याशी सहमत होण्याचे बंधन आमच्या वाचकांवर नाही. परंतु माणसाच्या वतीने शेवटची सही कोणी करायची, राज्याने, डॉक्टरने की त्याने स्वतः, हा विचार त्यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सोडला नव्हता, एवढे त्यावरून दिसते. एप्रिल २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

क्लेव्हेरिंगा यांच्या नावाने लायडन विद्यापीठात १९७० पासून एक अध्यासन आहे. दरवर्षी २६ नोव्हेंबरच्या सुमारास तेथे व्याख्यान होते आणि विद्यापीठाचे माजी विद्यार्थी देशोदेशी जमून त्या सकाळचे स्मरण करतात. ज्या सभागृहात ते भाषण झाले, ते अजून उभे आहे.